गोदामातली खिचडी

पहिलं पोर ओकलं तेव्हा मी भगोन्याच्या तळाची खिचडी खरवडत होते. पोरानं घाईघाईत गिळलं असेल असं मला वाटलं. भुकेली पोरं घास चावत नाहीत, हे त्या चार-पाच दिवसांत मी पाहिलं होतं. मी तिथूनच ओरडले, "अरे, पानी पिलाओ उसको!" आणि पुन्हा खरवडायला लागले.

मग दुसरं ओकलं. भिंतीला टेकून बसलेली एक मुलगी पोट धरून आडवी झाली. तिच्या आईनं तिला उचललं, तर ती आईच्या खांद्यावर ओकली. कोपऱ्यातून कुणीतरी किंकाळी फोडली. माझ्या हातातला झारा भगोन्यात पडला. त्या पत्र्याच्या छपराखाली तो आवाज इतका मोठा झाला, की सगळे लोक माझ्याकडे बघायला लागले.

हे घडलं धारजवळच्या नालछ्याच्या पुढं, रस्त्याकडेच्या एका बंद पडलेल्या जिनिंगच्या गोदामात. माझं माहेर धारचं. लग्न होऊन मी देवासला आले. ह्यांची तिथल्या कारखान्यात नोकरी होती आणि मी एका हिंदी शाळेत पहिली-दुसरीला शिकवायचे. आता दोघंही निवृत्त. धारला माझा मोठा भाऊ आणि वहिनी आहेत. आमच्या माहेरची मराठी अजून जुन्या वळणाची. वहिनी मला अजूनही "वन्सं" म्हणतात. त्यांच्या मुलीला मात्र मराठी पाटी वाचताना अडखळायला होतं, आणि आईशी भांडायचं झालं की ती सरळ हिंदीवर येते.

त्या पावसाळ्यात घाटाखालच्या वस्त्यांत पाणी शिरलं. मातीच्या भिंती आणि वर कवेलू, म्हणजे कौलं, अशी घरं. पाणी उतरलं तेव्हा भिंती नव्हत्या, नुसते कवेलूंचे ढीग होते. त्यातली बरीच कुटुंबं वर आणून ह्या गोदामात ठेवली होती. सरकारकडून धान्य मिळत होतं, पण शिजवणार कशावर? लाकडं ओली, चुली नाहीत, भांडी वाहून गेलेली. म्हणून वहिनी आणि त्यांच्या गल्लीतल्या काही बायका मंदिराच्या मागच्या खोलीत स्वयंपाक करून रोज टेम्पोनं गोदामात पोचवायच्या. मग दोघीजणी तापानं पडल्या आणि वहिनींचा फोन आला.

"वन्सं, याल का? हात कमी पडतायत."

मी गेले. नाही म्हणण्यासारखं काही नव्हतं. पण खरं सांगायचं तर पहिल्या दिवसापासून मला त्या गोदामाची भीती वाटत होती. लोक वाईट वागत होते म्हणून नव्हे. कुणी काही बोलतच नव्हतं म्हणून. बायका पोराला कडेवर घेऊन रांगेत उभ्या राहायच्या, ताट पुढं करायच्या आणि आपल्या जागी जाऊन बसायच्या. बसायची जागा म्हणजे फरशीवर अंथरलेलं एक पोतं. मी हसले तर त्या हसत नव्हत्या. माझी सगळी नोकरी मुलांशी बोलण्यात गेली, पण इथं कुणाशी काय बोलावं ते मला सुचेना. वाढून झालं की मला कधी एकदा टेम्पोत बसते असं व्हायचं.

त्या दिवशी सकाळी टेम्पो मंदिराशी आला आणि मागचं फळकं उघडताच माझ्या नाकात एक वास गेला. उग्र आणि गोडसर. वहिनींनाही आला.

"भिया, क्या रखा था इसमें?" त्यांनी चालकाला विचारलं.

"कल दवई लाया था बेनजी, सोयाबीन पे छिड़कने की। एक डब्बा फूट गया था। धो दिया मैंने, अच्छे से धो दिया।"

दुसरा टेम्पो मिळवायचा तर दुपार झाली असती, आणि तिकडं पोरं सकाळपासून दाराशी येऊन उभी राहायची. वहिनींनी खाली ताडपत्री अंथरायला लावली. भगोन्यांची झाकणं ओल्या फडक्यांनी आवळून बांधली, मी स्वतः गाठी मारल्या. वहिनी म्हणाल्या, "आत काही जाणार नाही." मलाही तसंच वाटलं. रस्ताभर मी मागं भगोन्यांजवळच बसले आणि गाठी सुटत नाहीत ना ते बघत राहिले. पोचल्यावर झाकण काढून वास घेतला. हळद, मुगाची डाळ, तूप. दुसरं काही नाही.

आणि आता माझ्यासमोर एकेक मूल आडवं होत होतं.

वहिनी माझ्यापेक्षा धीराच्या. त्यांनी क्षणात टेम्पो दाराशी लावून घेतला, ओकणाऱ्या सगळ्या पोरांना आणि त्यांच्या आयांना वर चढवलं, आणि स्वतः एका मुलीला मांडीवर घेऊन मागं बसल्या. "सरकारी दवाखान्यात चला, लवकर!" त्या चालकावर ओरडल्या. मीही चढायला गेले. फळक्यावर पाय ठेवला आणि मागून कुणीतरी माझा पदर धरला.

"तुम रुको."

वळून पाहिलं तर एक पन्नाशीची बाई होती. कपाळावर आणि हनुवटीवर गोंदण, हातात कथलाची जड कडी. मघाशी जे पोर पहिल्यांदा ओकलं तो हिचा नातू. त्याची आई त्याला घेऊन टेम्पोत बसली होती.

"मी पण जाते... मैं भी जाती हूँ, बच्चों के साथ," मी म्हटलं.

"वो गई ना। तुम रुको।"

एक तरुण माणूस माझ्या आणि टेम्पोच्या मधे येऊन उभा राहिला. त्याची मुलगीही टेम्पोत होती. वहिनींनी माझ्याकडं पाहिलं. त्यांच्या मांडीवरची मुलगी पुन्हा ओकली. मी म्हटलं, "तुम्ही जा, वहिनी." टेम्पो चिखल उडवत निघाला आणि वळणाआड गेला, तेव्हा मला कळलं, की आता इथं आपलं असं कुणीही नाही.

लोकांनी माझ्याभोवती कडं केलं नाही. ते तसेच आपापल्या पोत्यांवर बसले होते, काही उभे होते. पण सगळ्यांची तोंडं माझ्याकडं होती. मी भगोन्याशेजारी उभी राहिले. दुसरीकडं कुठं उभं राहावं ते समजत नव्हतं.

"खाना किसने बनाया?" त्या तरुणानं विचारलं.

"हमने। मैंने और भाभी ने।"

"क्या डाला इसमें?"

"चावल, मूँग की दाल, हल्दी, नमक, घी।"

"और?"

"और कुछ नहीं भैया।"

त्यानं फोन वर केला. तो माझं चित्रण करतोय हे लक्षात यायला मला वेळ लागला. काठी उगारली असती तर मी एवढी घाबरले नसते. तो बोलत होता, की ह्या बाईनं दिलेलं खाऊन आमची पोरं पडली, बघा, हीच ती बाई. मी तोंडावर हात घेतला. मग वाटलं, तोंड लपवलं तर खरंच काहीतरी केलंय असं दिसेल. हात खाली घेतला.

तेवढ्यात मागून एक बाई म्हणाली, माझंही डोकं फिरतंय. दुसरी म्हणाली, माझ्या पोटात जळजळतंय. एक म्हातारा छातीला हात लावून खाली बसला. आणि माझ्या मनात तो वास आला, सकाळचा, टेम्पोतला. गाठ सुटली असेल का? फडकं ओलं होतं, ओल्या फडक्यातून झिरपलं असेल का? झारा? झारा कुठं ठेवला होता आपण, भगोन्यात की बाहेर ताडपत्रीवर? मला आठवेना. कितीही आठवलं तरी झारा कुठं होता ते आठवेना.

"तुमने खाया?" गोंदणवाल्या बाईनं विचारलं.

मी भगोन्याकडं पाहिलं.

"तुम लोग रोज लाते। यहाँ नी खाते। घर जा के खाते।"

हे खरं होतं. आम्ही वाढायचो आणि घरी जाऊन जेवायचो. तसं ठरवलेलं नव्हतं. रांगेत आम्हीही ताट घेऊन उभं राहावं हे कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं. पण ह्या बाईनं ते रोज पाहिलं होतं. बहुधा सगळ्यांनीच पाहिलं होतं.

"अब खाओ," ती म्हणाली. आवाज चढवला नाही. एखादीला पाणी घे म्हणावं तसं म्हणाली.

मी खाल्लं नसतं तर काय झालं असतं ते मला माहीत नाही. कदाचित काहीच नाही. पण त्या वेळी नाही म्हणायला तोंड उघडेना. मी फार धीटपणानं खाल्लं असं कुणाला वाटू नये. मी खाली बसले, तिनं माझ्यापुढं एक ताट ठेवलं, आणि मी भगोन्याच्या तळाशी राहिलेली खिचडी त्यात घेतली. थंड झाली होती, खालची करपलेली. पहिला घास तोंडात धरून ठेवला. औषधाची चव कशी असते? कडू? मला कडू लागली. मग वाटलं, करपल्याची असेल. गिळला. कुणी पाणी दिलं नाही, मीही मागितलं नाही. दुसरा घास घेतला. तिसरा. माझ्या डोळ्यांपुढं देवासचं आमचं स्वयंपाकघर आलं, ओट्यावर ह्यांनी उपडा घालून ठेवलेला चहाचा कप आला. आपण परत तिथं जाणार की नाही, असं अगदी स्पष्ट शब्दांत मनात आलं.

मी ताट संपवलं. ती बाई माझ्यासमोर मांडी घालून बसली होती. तिनं ताट उचललं नाही. आता ती वाट बघायला लागली, आणि मीही.

आपल्याच पोटाची अशी वाट बघणं फार वाईट. आत जरा काही हललं, की वाटायचं, हे आलं. तळहात गार पडले, हे कशानं? जीभ जड झाली, ही विषानं की भीतीनं? मी मनात काही म्हणायचा प्रयत्न केला, लहानपणापासून पाठ असलेलं काहीतरी, पण दोन ओळींच्या पुढं जाता येईना.

फोन वाजला. देवासहून हे. त्या तरुणानं केलेलं चित्रण कुठून कुठं फिरत ह्यांच्या जुन्या सहकाऱ्यांच्या ग्रुपवर पोचलं होतं.

"अगं, तू कुठं आहेस? हे काय बघतोय मी?"

"गोदामात आहे. पोरांना दवाखान्यात नेलंय. मी—"

"तू आधी तिथून नीघ! आत्ताच्या आत्ता!"

"कशी निघू? अहो, ऐका—"

"क्या बोल री है?" तो तरुण पुढं झाला. "किस्से बात कर री है? हिंदी में बोलो।"

त्याला वाटलं होतं, की मी आमच्या भाषेत कुणाला तरी बोलावतेय, नाहीतर काही लपवायला सांगतेय. ह्यांच्याशी मी सगळ्या संसारात कधी हिंदीत बोलले नव्हते. भाजीवाल्याशी, शाळेत, शेजारी, सगळीकडं हिंदी. पण घराचा उंबरठा ओलांडला की नाही.

"मैं ठीक हूँ," मी फोनवर म्हटलं. "आप चिंता मत कीजिए। बच्चों को अस्पताल ले गए हैं। मैं यहीं बैठी हूँ।"

पलीकडून हे म्हणाले, "हाँ। अच्छा। मैं आता हूँ।" त्यांचा आवाज ओळखू येत नव्हता. ह्यांना माझी भीती कळली, आणि मला ह्यांची. फोन ठेवला तेव्हा मला पहिल्यांदा रडू आलं.

किती वेळ गेला ते सांगता येणार नाही. पाऊस भुरभुरत होता. कुणी जवळ आलं नाही, कुणी शिवी दिली नाही. ज्या बाईचं डोकं फिरत होतं ती पोत्यावर झोपून गेली होती. छातीला हात लावून बसलेला म्हातारा विडी ओढायला लागला. माझ्या पोटात काही झालं नव्हतं. पण हे विष उशिरा चढणारं असेल, असंही एक मन सांगत होतंच.

मग वहिनींचा फोन आला. मी तो घेतला आणि कुणी सांगायच्या आत आवाज सगळ्यांना ऐकू जाईल असा केला.

"हिंदीत बोला, वहिनी. सगळे ऐकतायत."

वहिनींना काय कळायचं ते कळलं. त्या सावकाश बोलल्या. डॉक्टरांनी तपासलं होतं. नर्सनं एका मुलीचं तोंड पुसलं तर दाताला बियांचा पांढरा चोथा चिकटलेला. तिला विचारलं, बेटा, क्या खाया? ती म्हणाली, बादाम. कुठले बदाम? गोदामाच्या मागचे. मोठ्या मुलांनी फोडून दिले, गोड होते, सगळ्यांनी खाल्ले. डॉक्टर म्हणाले, रतनजोत. पावसाळ्यात अशी पोरं येतातच.

रतनजोत म्हणजे मोगली एरंड. कुंपणाला लावतात, कारण जनावरं त्याला तोंड लावत नाहीत. फळं वाळून काळी झाली की आतली बी शेंगदाण्यासारखी लागते.

"झूठ," तो तरुण म्हणाला. पण त्याचा आवाज मघासारखा नव्हता.

गोंदणवाली बाई उठली. ती सरळ मागच्या दारानं बाहेर पडली. तिच्यामागं दोन-तीन बायका गेल्या. मीही गेले. मला कुणी अडवलं नाही. गोदामाच्या मागं पडका बांध होता आणि त्याला धरून रतनजोताची रांग, माणसाच्या उंचीहून मोठी. एका दगडापाशी फोडलेल्या बियांची काळी टरफलं पडली होती. ढीग होता. शेजारी बी फोडायला वापरलेला लहान दगडही होता. पोरांनी तिथं बसून अगदी निवांत खाल्लं असणार.

बाई त्या टरफलांकडं बघत उभी राहिली आणि मग तिथंच ओल्या गवतात बसली. मला सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. तसं झालं नाही. एवढं सगळं त्या लहान पोटांत गेलं होतं.

"मरेगा क्या?" तिनं विचारलं. मला विचारलं की स्वतःलाच, कळलं नाही.

"डॉक्टर हैं वहाँ," मी म्हटलं. ह्यापलीकडं मला काय ठाऊक होतं?

संध्याकाळच्या आत टेम्पो परत आला. बहुतेक पोरं आली होती, पिळून काढल्यासारखी, पण आपल्या पायांवर चालत. दोघांना मात्र पुढं धारला पाठवलं होतं. त्यात तिचा नातू होता. तो सगळ्यांत लहान आणि त्यानं सगळ्यांत जास्त बिया खाल्ल्या होत्या. वहिनींनी तिला टेम्पोत घेतलं. मी तिच्या शेजारी बसले. रस्त्याच्या वळणांवर ती माझ्या अंगावर कलत होती. एकदाच म्हणाली, "तीन बाड़ पानी देखा मैंने। इतना नी डरी।" आयुष्यात तीन पूर पाहिले, तेव्हाही एवढी घाबरले नाही, असं तिचं म्हणणं.

धारच्या दवाखान्यात तो पलंगावर निजला होता. हाताला सलाइन, ओठ पांढरे, डोळे अर्धे उघडे. त्याची आई पायथ्याशी भिंतीला धरून उभी होती. डॉक्टर म्हणाले, अंगातलं पाणी फार गेलंय, रात्र काढू द्या. हे तोवर देवासहून पोचले होते. दाराशी उभे राहिले, मला पाहिलं, आणि कॅन्टीनमधून चहा आणायला गेले. चार कप आणले. त्या बाईपुढं कप धरला तर तिनं आधी माझ्याकडं पाहिलं. मी प्यायले. मग ती प्यायली.

आम्ही घरी गेलो. झोप कुणालाच लागली नाही. दादा अंगणात फेऱ्या मारत होते, वहिनी देवापाशी बसून होत्या. उजाडल्यावर पुन्हा दवाखान्यात गेलो तर पोर बसून होतं आणि बिस्किट मागत होतं. त्याला पाहून परतताना वहिनींना जिन्यातच घेरी आली. आदल्या दिवशी त्या कुठंही डगमगल्या नव्हत्या.

इथं सगळं निस्तरलं असं वाटेल, पण तसं झालं नाही. दुसऱ्या दिवशी आम्ही नेहमीसारखी खिचडी नेली. सगळ्यांना आता रतनजोताचं ठाऊक होतं. तरी रांग लागली नाही. बायका पोरांना मागं ओढून धरत होत्या. आम्ही दोघी ताटं घेऊन त्यांच्यासमोर बसलो, खाल्लं. तरी कुणी आलं नाही. भरलेले भगोने आम्ही परत आणले. तिकडं ते चित्रण फिरतच होतं. रतनजोताची गोष्ट त्याच्यामागून काही फिरली नाही. गल्लीतल्या दोघी-तिघींना घरच्यांनी मंदिरात यायचं बंद करायला लावलं. अन्नाचा नमुना तपासायला गेला, त्यात काही निघालं नाही, पण हे ऐकायला कुणी थांबलं नव्हतं.

आणि माझी तर अशी गत झाली, की मीठ टाकायला हात उचलेना. डबा उघडायचे, पुन्हा बंद करायचे, वास घ्यायचे. वहिनींनी माझ्या हातून डबा काढून घेतला. "वन्सं, तुम्ही नुसतं बसा," म्हणाल्या.

दोन दिवसांनी ती गोंदणवाली बाई नातवाला घेऊन गोदामात परतली. भरलेले भगोने तसेच परत निघालेले पाहून तिनं वहिनींना विचारलं, "चूल्हा दे सकते हो? बड़ा वाला? बरतन?"

वहिनी म्हणाल्या, देऊ.

"तो अनाज इधर है। हम बनाएँगे। तुम बैठो।"

मंदिराच्या दोन मोठ्या शेगड्या, सिलिंडर आणि भगोने त्याच आठवड्यात गोदामात आले. स्वयंपाक त्यांच्या बायका करायला लागल्या. आम्ही भाजी चिरायला जायचो आणि जेवूनच परत यायचो. पहिले काही दिवस मी ताट हातात घेऊन नुसती बसून राहायचे. मग जेवायला लागले. त्या कधी-कधी पानिये करायच्या: मक्याचं पीठ मळून पानांत दाबायचं आणि गोवऱ्यांच्या आरावर भाजायचं. सोबत उडदाची डाळ. मागच्या बांधावरची रतनजोत त्या तरुणानं दोन दिवस खपून मुळासकट काढली. त्यानं माझी माफी मागितली नाही. एकदा मी जड पातेलं उचलत होते तर दुसरा कान त्यानं धरला, एवढंच.

हिवाळ्यात त्या कुटुंबांना वरच्या बाजूला जमिनीचे तुकडे मिळाले आणि गोदाम रिकामं झालं. शेतं अजून व्हायची होती. रोजचं चालणार कशावर, हा प्रश्न होता. मांडवच्या किल्ल्याकडं जाणाऱ्या रस्त्यावर सुटीच्या दिवशी इंदूर-देवासकडच्या गाड्यांची रीघ असते. वहिनींनी त्या शेगड्या आणि भांडी परत घेतली नाहीत. वर पीठ दळायची छोटी चक्की घेऊन दिली. त्या बाईनं आणखी चौघींना सोबत घेऊन रस्त्याकडेला दाल-पानियाचं दुकान टाकलं. वर ताडपत्री, खाली दोन बाकं. चाललं. आता आठवड्याचे सगळे दिवस लावतात. नातू शाळेत जातो. अभ्यासात कसा आहे विचारलं तर ती हात झटकते.

गेल्या पावसाळ्यात एका रविवारी आम्ही दोघं तिकडं गेलो होतो. बाकांवर गर्दी होती. एका गाडीतून आलेली लहान मुलगी डाळीत पानिया बुडवून खात होती. मी तिच्याकडं बघत राहिले. तिनं घास गिळला की माझाही जीव खाली यायचा. ती थांबली की माझं काळीज थांबायचं. अजून असंच होतं. नातवंडं घरी आली तरी मी वाढते आणि आत निघून जाते, त्यांची तोंडं बघवत नाहीत.

मग सहज नजर वर गेली तर ती बाईही आरापाशी बसून, चिमटा हातात तसाच धरून, त्या मुलीकडंच बघत होती. मुलीनं हात धुतले, बापाचं बोट धरलं आणि गाडीत जाऊन बसली. गाडी निघून गेली तेव्हा कुठं बाईनं पुढचा पानिया उलटला. आरापाशी धूर फार झाला होता.

"बेनजी," ती मला म्हणाली, "बैठी क्यों हो? आटा मलो।"

मी बांगड्या वर सारल्या आणि परातीपाशी बसले.